अलॉइस अल्झायमर : विसरणाऱ्यांचं ऐकून घेणारा डॉक्टर



गेल्या वर्षी पाचवीच्या वर्गाला मी नेहमीचाच निबंध दिला होता, माझी आजी. बहुतेक वह्यांमधली आजी गोष्टी सांगत होती, लाडू वळत होती, देवपूजा करत होती. एका वहीतली आजी मात्र वेगळी होती. ती एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारते, जेवून उठल्यावर पुन्हा जेवायचं कधी म्हणते, आणि घरातले सगळे तिच्यावर ओरडतात, कारण ती मुद्दाम करते असं सगळ्यांना वाटतं. शेवटी त्या मुलाने लिहिलं होतं की आजीला त्याचं नाव आठवत नाही, पण हरिपाठ मात्र अजून सगळा पाठ आहे. हे कसं काय, असा प्रश्न विचारून निबंध संपवला होता.

लाल पेन हातात तसंच राहिलं. शेरा काय द्यायचा ते सुचेना. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी ही म्हण आहे, म्हातारचळ हा शब्द आहे. दोन्ही आपण सहज वापरतो. पण बुद्धीच नाठी झाली असेल तर हरिपाठ कसा राहिला? म्हणीत याचं उत्तर नाही. ते शोधताना मी एका माणसापर्यंत पोहोचले, ज्याचं नाव आपण फक्त रोगाचं नाव म्हणून ऐकतो. आज त्याची जीवनकथा सांगते. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, तेव्हा परिपाठातही ती सांगता येईल.

बालपण आणि शिक्षण

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहान गावी झाला. वडील नोटरी होते, म्हणजे दस्तऐवजांचं काम पाहणारे अधिकारी. मुलांना चांगली शाळा मिळावी म्हणून पुढे हे कुटुंब आशाफेनबुर्ग शहरात राहायला गेलं. आपल्याकडेही कित्येक घरं अशीच तालुक्याच्या गावी येतात, नाही का?

अलॉइस यांना विज्ञानाची ओढ होती. त्यांनी बर्लिन, ट्युबिंगेन आणि व्युर्झबुर्ग येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. विद्यार्थीदशेत तलवारबाजीची हौस होती. तिची खूण म्हणून डाव्या गालावर कायमचा व्रण राहिला. १८८७ मध्ये त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, आणि त्याचा विषय ऐकून मुलं नक्की हसतील : कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी! पण या अभ्यासातून एक गोष्ट हाताला लागली, सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बघत बसण्याची सवय. पुढचं सगळं आयुष्य त्या सवयीवर उभं राहिलं.

फ्रँकफुर्टचे दिवस

१८८८ च्या अखेरीस ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाले. त्या काळी अशा रुग्णांना बांधून ठेवणं, कोंडून ठेवणं ही सर्रास पद्धत होती. इथले संचालक एमिल सिओली यांना ती मान्य नव्हती. रुग्णांना शक्यतो मोकळं ठेवायचं, त्यांना शांत करण्यासाठी कोमट पाण्याच्या टबात बसवायचं, त्यांच्याशी बोलायचं, असा त्यांचा प्रयत्न होता. तरुण अल्झायमर यांना हे मनापासून पटलं. रुग्णाशेजारी बसून त्याचं बोलणं ऐकायचं आणि ते जसंच्या तसं टिपून ठेवायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं.

वर्षभरात तिथे फ्रान्झ निसल नावाचा डॉक्टर आला. मेंदूच्या पातळ कापांना रंग देऊन त्यातल्या पेशी ठळक दिसतील अशी पद्धत निसल यांनी शोधली होती. दोघांची गट्टी जमली. दिवसभर रुग्ण आणि रात्री सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या वेळी मेंदूबद्दल किती माहिती होती, तेही बघूया. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी दाखवून दिलं होतं की मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात एका जागी इजा झाली तर माणसाचं बोलणं जातं. म्हणजे बोलण्याला मेंदूत जागा आहे. मग आठवणींना जागा आहे का? आणि ती एकच आहे की अनेक? हे कोणालाच नीट माहीत नव्हतं.

याच काळात त्यांचं सेसिली या विधवा स्त्रीशी लग्न झालं. दोन मुली, एक मुलगा, भरलं घर. पण १९०१ मध्ये सेसिली गेल्या. मुलं लहान होती. अल्झायमर यांची बहीण घर सांभाळायला आली आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं.

ऑगस्टे

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, एका ५१ वर्षांच्या बाईंना त्यांच्या पतीने रुग्णालयात आणलं. पती रेल्वेत नोकरीला होते. बाईंचं नाव ऑगस्टे. काही महिन्यांपासून त्या पतीवर विनाकारण संशय घेऊ लागल्या होत्या. मग स्वयंपाकात चुका व्हायला लागल्या. वस्तू लपवून ठेवायच्या आणि कुठे ठेवल्या ते विसरायच्या. आपल्याच घरात वाट चुकल्यासारख्या फिरायच्या.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि अगदी साधे प्रश्न विचारू लागले. तुमचं नाव काय? त्यांनी ऑगस्टे सांगितलं. आडनाव विचारलं, तरी ऑगस्टे. पतीचं नाव विचारलं, तरी बहुधा ऑगस्टे असंच त्या म्हणाल्या. दुपारी त्या फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होत्या. काय खाताय विचारल्यावर त्यांनी पालक सांगितला. नाव लिहायला दिलं तर पहिला शब्द लिहून पुढचा विसरल्या. एकेक शब्द पुन्हा पुन्हा सांगावा लागला.

आता यातली गंमत बघा. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण वर्गात आपण असंच म्हणतो. त्यांना पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवल्या तेव्हा त्यांनी नावं बरोबर सांगितली. थोड्या वेळाने विचारलं, मघाशी काय काय पाहिलं? तर काहीच आठवेना. चालणं मात्र व्यवस्थित होतं. हातही ठीक चालत होते. म्हणजे त्यांचं सगळंच गेलं नव्हतं. काही गेलं होतं, काही राहिलं होतं. अल्झायमर यांनी दोन्हीची नोंद केली. वेड लागलंय असं एका शब्दात लिहून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी पानंच्या पानं लिहिली.

आठवणी मेंदूत कुठे राहतात?

इथे गोष्ट थोडी थांबवते आणि आज काय माहिती आहे ते सांगते, म्हणजे ऑगस्टेबाईंचं काय होत होतं ते कळेल. विज्ञानाच्या पाठात आपण प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क शिकवतो. त्यात आठवणीचा एकच कप्पा नसतो. सोपं करून सांगायचं तर आपल्या शाळेचं कार्यालय डोळ्यांसमोर आणा.

कार्यालयात जनरल रजिस्टर असतं आणि नव्या मुलाचं नाव त्यात चढवणारे लिपिक असतात. मेंदूत हे काम हिप्पोकॅम्पस करतो. कानशिलांच्या आत, खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असा हा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतून हे नाव आलं. आज सकाळी काय खाल्लं, कोण भेटलं, काय बोलणं झालं, अशा नव्या घटना पक्क्या करायचं काम त्याचं. त्याच्या दारातच एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाचा भाग आहे. बाहेरून येणारी बहुतेक माहिती याच दारातून आत जाते.

जुनी रजिस्टरं मात्र लिपिकाच्या टेबलावर नसतात, ती कपाटांत असतात. तसंच शब्दांचे अर्थ, जगाची माहिती, खूप जुन्या आणि पुन्हा पुन्हा उजळलेल्या आठवणी मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरलेल्या असतात. शब्दांच्या अर्थासाठी कानशिलामागचा भाग विशेष महत्त्वाचा.

कपाळामागचा भाग काय करतो? तो हवं ते रजिस्टर शोधून आणतो, दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवतो, घोटाळा होऊ देत नाही. आणि पोळी लाटणं, सायकल, वीणकाम अशा हातापायांत मुरलेल्या गोष्टी अनुमस्तिष्क आणि मेंदूच्या तळाशी असलेले पेशींचे पुंजके सांभाळतात.

वय वाढलं की यातलं सगळं सारख्या वेगाने थकत नाही. कपाळामागचा भाग लवकर मंदावतो. म्हणून साठीनंतर ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येतं आणि अडतं, किंवा आपण आतल्या खोलीत कशाला आलो तेच आठवत नाही. हिप्पोकॅम्पसही थोडा आक्रसतो. पण शब्दसंपत्ती टिकते, कित्येकांची वाढतेही. शिवाय मेंदू तडजोड करतो. स्मरणाचं जे काम करताना तरुणांच्या कपाळामागचा भाग मुख्यतः एका बाजूने राबतो, तेच करताना अनेक वृद्धांच्या दोन्ही बाजू राबताना दिसतात. एकट्याला जड वाटणारी बादली दोघांनी धरावी, तसंच हे.

निरोगी म्हातारपणात रजिस्टर शोधणारा सावकाश चालतो, इतकंच. पहिलं अक्षर सांगा, जरा खूण सांगा, तो शोधून आणतो. अल्झायमर रोगात सुरुवातीलाच लिपिक आजारी पडतो. नोंदच झालेली नसते, मग खूण सांगून उपयोग काय? ऑगस्टेबाईंनी किल्लीचं नाव बरोबर सांगितलं, कारण तो शब्द जुन्या कपाटात होता. किल्ली पाहिल्याची आठवण राहिली नाही, कारण ती नवी नोंद होती.

सूक्ष्मदर्शकाखाली

पुढे अल्झायमर यांनी फ्रँकफुर्ट सोडलं. प्रसिद्ध मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याकडे आधी हायडेलबर्ग आणि मग १९०३ मध्ये म्युनिक येथे ते गेले. तिथे सुरुवातीला त्यांना पगारही नव्हता. पत्नीच्या मागे राहिलेल्या पैशांवर घर चालत होतं. पण ऑगस्टेबाईंना ते विसरले नाहीत. त्यांची विचारपूस म्युनिकहूनही चालू होती.

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टेबाई वारल्या. त्यांचा मेंदू आणि कागदपत्रं सिओली यांनी म्युनिकला पाठवली. पातळ काप काढून त्यांना चांदीच्या क्षारांची प्रक्रिया करायची, अशी नवी पद्धत तेव्हा आली होती. अल्झायमर यांनी ती वापरली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

मेंदूचा बाहेरचा थर आक्रसला होता. पेशींच्या मधल्या जागेत कसल्यातरी पदार्थाचे ठिपके साचले होते. आणि कित्येक पेशींच्या आत काळ्या धाग्यांचे गुंते होते. काही ठिकाणी तर पेशी विरून गेली होती आणि तिच्या जागी नुसता गुंता उरला होता. बाहेरच्या थरातल्या जवळपास पाव ते एकतृतीयांश पेशींची ही गत होती. रुग्णाचं बोलणं एका हातात आणि तिच्या मेंदूचे काप दुसऱ्या हातात, असे दोन्ही पुरावे आता त्यांच्याकडे होते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनला मानसोपचारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सगळं मांडलं. आणि काय झालं? काहीच नाही. एकानेही प्रश्न विचारला नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. वर्गात जीव तोडून शिकवल्यावर एकही हात वर येत नाही, तेव्हा आपल्याला कसं वाटतं ते आठवा. अल्झायमर मात्र थांबले नाहीत. १९०७ मध्ये त्यांनी लेख छापला. सहकाऱ्यांबरोबर आणखी रुग्ण तपासले. त्यांच्या प्रयोगशाळेत इटलीहून, अमेरिकेहून तरुण डॉक्टर शिकायला येत. एकेकाच्या शेजारी बसून ते सूक्ष्मदर्शकातून दाखवत. एका अर्थाने तेही आपल्यातलेच, शिक्षकच.

नाव मिळालं, पण घोटाळाही झाला

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. पण ऑगस्टेबाईंचं वय होतं ५१. त्यामुळे हा साठीच्या आतल्या माणसांचा दुर्मीळ आजार आहे असं ठरून गेलं. मग सत्तरीच्या, ऐंशीच्या माणसाची स्मृती गेली तर? ते वयामुळेच, असं डॉक्टरही मानत राहिले. म्हणजे बघा, साठी बुद्धी नाठी ही काही आपलीच म्हण नाही. पन्नास-साठ वर्षं तिकडचं वैद्यकशास्त्रही हेच म्हणत होतं. आणि वयामुळे म्हटलं की उपचार नको, विचारपूस नको, अभ्यासही नको.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथील डॉक्टरांनी मृत वृद्धांच्या मेंदूतले ते ठिपके मोजले. स्मृती गेलेल्या वृद्धांच्या मेंदूत तेच सापडलं, जे अल्झायमर यांना दिसलं होतं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट काट्झमन यांनी ठामपणे मांडलं की हा एकच आजार आहे, आणि तो दुर्मीळ तर मुळीच नाही.

एक प्रश्न तरीही उरला होता. आगीत पूर्ण जळालेलं घर पाहून आग कुठल्या खोलीत लागली ते सांगता येत नाही. अल्झायमर यांना ऑगस्टेबाईंचा मेंदू शेवटी मिळाला, तेव्हा सगळीकडे नासधूस झालेली होती. जर्मनीतल्याच हाइको आणि एफा ब्राक या पतिपत्नींनी निरनिराळ्या टप्प्यांवर मृत्यू आलेल्या माणसांचे मेंदू ताडून पाहिले आणि १९९१ मध्ये क्रम मांडला. धाग्यांचे गुंते आधी एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या परिसरात, म्हणजे दारापाशी दिसतात, मग हिप्पोकॅम्पसमध्ये, आणि नंतर बाहेरच्या थरात पसरतात. हालचालींचं नियंत्रण करणारे भाग बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. ऑगस्टेबाई चांगल्या चालत होत्या, त्याचं कारण हे.

शेवट

हे सगळं पाहायला अल्झायमर नव्हते. १९१२ मध्ये त्यांना ब्रेस्लाउ येथे प्राध्यापकपद मिळालं. हे शहर आता पोलंडमध्ये आहे, व्रोत्स्वाफ नावाने. तिकडे जाताना रेल्वेतच ते आजारी पडले आणि त्या आजाराने हृदय आणि मूत्रपिंडं दुबळी केली. तरी तीन वर्षं काम चालूच होतं. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. ऑगस्टेबाई रुग्णालयात आल्या तेव्हा त्यांचंही वय हेच होतं. फ्रँकफुर्टला सेसिली यांच्या शेजारी त्यांचं दफन झालं.

ऑगस्टेबाईंची ती फाइल नंतर हरवली. १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात जुने कागद धुंडाळताना ती पुन्हा सापडली. सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं, जशीच्या तशी.

आपल्या घरात, आपल्या वर्गात

मग त्या मुलाला काय सांगायचं? मी वहीत शेरा दिलाच नाही. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवलं आणि शाळेच्या रजिस्टरची गोष्ट सांगितली. आजीचे लिपिक आजारी आहेत, म्हणून तू सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत टिकत नाही. ती मुद्दाम करत नाही. हरिपाठ तिने लहानपणापासून रोज म्हटलाय, तो जुन्या कपाटात आहे, जिभेच्या वळणात आहे. तिथे आजार अजून पोहोचला नाही.

पालकांनाही भेटायला बोलावलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. नाव चटकन न आठवणं आणि खूण सांगितल्यावर आठवणं हे वयाचं आहे, घाबरू नका. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, रोजच्या स्वयंपाकात किंवा पैशांच्या हिशोबात गोंधळ, असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा त्रास, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधं यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो बरा होऊ शकतो. अल्झायमर रोग असेल तर तो पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, हे खरं आहे. तरी माणूस मात्र आपल्यासमोर असतो. त्याला मघाशी सांगितलं नाही का, असं खडसावण्याचा उपयोग नाही. ओरडल्याचं कारण तो विसरतो, पण दुखावलेपण मनात रेंगाळत राहतं. आनंदाचंही तसंच. गेलेल्या गोष्टींची परीक्षा घेण्यापेक्षा राहिलेल्या गोष्टी हाताशी द्या. मटार सोलायला बसवा, जुनी गाणी लावा.

वर्गासाठी एक उपक्रमही सुचवते. मुलांना सांगा, घरातल्या आजीआजोबांशेजारी बसून तीन प्रश्न विचारा : आज सकाळी काय खाल्लं, तुमच्या लहानपणचं घर कसं होतं, आणि हातांनी तुम्हाला काय छान करता येतं? उत्तरं जशीच्या तशी लिहून आणा, बरोबर-चूक ठरवू नका. ज्या घरात असा आजार आहे तिथे आधी पालकांशी बोलून घ्या, म्हणजे मूल अवघडणार नाही.

तो मुलगा आता सहावीत आहे. परवा जिन्यात भेटला. संध्याकाळी आजीबरोबर हरिपाठ म्हणायला बसतो म्हणाला. तो मध्ये अडला की आजी पुढची ओळ सांगते.